कूलर बंद करून केलेला ॲम्पचा हिशोब

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हेडफोन, २५० ओमचा. लॅपटॉपला लावला, व्हॉल्यूम शंभरवर नेला, तरी आवाज दबलेला आणि बेस गायब. नागपुरातल्या प्रतापनगरातली वरच्या मजल्यावरची खोली, मे महिन्यातली दुपार. अशा वेळी कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: २५० ओम आहे भाऊ, ॲम्प लागणारच. आम्ही ॲम्प, म्हणजे आवाज चढवणारा ॲम्प्लिफायर, मागवायच्या आधी मोजून पाहायचं ठरवलं.

सगळ्यात आधी मोजला तो कूलर. खिडकीतला डेझर्ट कूलर पूर्ण वेगावर असताना फोनवरच्या साउंड मीटर ॲपनं डोक्याच्या जागी ६३ डीबी (डेसिबल) दाखवले, बंद केल्यावर ४१. फोनचा माइक काही तोलूनमापून बनवलेला नसतो, त्यामुळे आकडा दोन-चार डीबी इकडेतिकडे धरा. पण फोन तोच आणि जागा तीच असल्यामुळे दोन्हींतला फरक भरवशाचा आहे, आणि तो २२ डीबी आहे.

डीटी ७७० बंद कपांचा आहे, म्हणून कूलर अडेल असं वाटतं. कप अडवतात, पण वरच्या पट्टीतलं: ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याची सळसळ, पंपाची किणकिण. ब्लोअर आणि पत्र्याची घरघर खालच्या पट्टीत असते, आणि तिथे कुठलाही बंद कप फारसं काही करू शकत नाही. ती घरघर थेट आत येते आणि गाण्यातला बेस आणि खालचा मध्यभाग झाकून टाकते. ऐकणाऱ्याला वाटतं की हेडफोनला पॉवर कमी पडते आहे, कारण पॉवर कमी पडल्याचं जे वर्णन सगळीकडे वाचलेलं असतं, ‘पातळ आवाज, बेस नाही, जीव नाही’, ते याला तंतोतंत लागू पडतं. मग ॲम्प येतो, आवाज दहा डीबीनं चढतो, घरघर मागे पडते आणि ॲम्पचं कौतुक होतं. दहा डीबी म्हणजे ३.१६ पट व्होल्टेज, दहापट पॉवर. कूलरचं बटण दाबलं तर तेच फुकटात मिळतं. फक्त घाम येतो.

कूलर बंद करून तीच गाणी लावली तेव्हा लॅपटॉपचा व्हॉल्यूम ७० च्या वर नेता येईना. तरीही प्रश्न पुरता मिटला नव्हता. जुन्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगला शंभरवरही ओढल्यासारखं होत होतं. म्हणून पुढचा हिशोब.

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा, ओममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा आवाज). लोक पहिला वाचतात आणि दुसरा सोडतात. खरं तर एकट्या ओमवरून काहीच ठरत नाही. सेन्सिटिव्हिटी दोन प्रकारे लिहितात: १ मिलिवॅटला किती डीबी, किंवा १ व्होल्टला किती डीबी. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्ही एकाच मापात आणावे लागतात, नाहीतर ९६ आणि १०३ हे आकडे शेजारी ठेवून भलतेच निष्कर्ष निघतात. आम्ही सगळं व्होल्टमध्ये आणतो, कारण फोन, लॅपटॉप, डोंगल (टाइप-सीला लावायचा छोटा हेडफोन जॅक) यांचं मोजता येण्यासारखं माप व्होल्टच आहे. सूत्र सोपं आहे: ओमला १००० नं भागा, वर्गमूळ काढा, १ मिलिवॅटला लागणारं व्होल्टेज मिळतं.

डीटी ७७० प्रो २५० ओम, खोक्यावर १ मिलिवॅटला ९६ डीबी. २५० भागिले १००० म्हणजे ०.२५, वर्गमूळ ०.५. म्हणजे अर्ध्या व्होल्टला ९६, आणि व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डीबी वाढतात म्हणून १ व्होल्टला १०२. त्याच मॉडेलचा ८० ओमचा प्रकार, तेच ९६: १ व्होल्टला १०७. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स, ३८ ओम, ९९ डीबी: १ व्होल्टला ११३. हा फोनवरच पुरून उरतो. सेनहायझर एचडी ६५० चा आकडा कंपनी थेट व्होल्टमध्येच देते, १०३. ३०० ओम ऐकून लोक घाबरतात, पण २५० ओमच्या बायरपेक्षा त्याला व्होल्टेज किंचित कमीच लागतं.

आता हायफायमन एचई४००एसई पाहा. २५ ओम आणि ९१ डीबी. ओम कमी, म्हणून ‘सोपा’ वाटतो. १ व्होल्टला १०७ डीबी निघतात, म्हणजे व्होल्टेजच्या बाजूनं खरंच सोपा. पण ११० डीबीच्या शिखरासाठी (गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणासाठी) १.४१ व्होल्ट देताना त्यातून ५६ मिलिॲम्पियर करंट ओढला जातो, ८० मिलिवॅट. २५० ओमच्या बायरला तेच ११० गाठायला २.५ व्होल्ट लागतात, पण करंट फक्त १० मिलिॲम्पियर, २५ मिलिवॅट. बायरला उंची (व्होल्टेज) हवी, हायफायमनला धार (करंट). पाण्याच्या टाकीचा हिशोब ज्याला कळतो त्याला हे समजवावं लागत नाही: टाकी कितीही उंचावर ठेवा, नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली सावकाशच भरणार. छोटे डोंगल बहुतेक वेळा करंटवर अडतात, आणि लॅपटॉपचे जॅक व्होल्टेजवर.

ॲम्पच्या खोक्यावरचे मिलिवॅटही याच नजरेनं वाचायचे. फिओचा के७ हा ॲम्प साध्या जॅकमधून ३२ ओमला १२२० मिलिवॅट देतो, ३०० ओमला १६०. हा दोष नाही. दोन्ही आकडे व्होल्टमध्ये केले तर साडेसहाच्या आसपासच येतात. जाहिरातीत मात्र ३२ ओमचाच आकडा मोठ्या अक्षरात असतो. २५० ओमवाल्यानं ३२ ओमचा आकडा पाहून खरेदी करू नये.

कागद झाला, आता लॅपटॉप खरंच किती देतो ते पाहायचं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झची साइन वेव्ह (एकसुरी आवाज), ॲम्प्लिट्यूड १, एक मिनिटाची, डब्ल्यूएव्ही फाइल. ५० हर्ट्झ मुद्दाम घ्यायचं नाही, कारण लाइनची घरघरही ५० चीच असते आणि मीटरला दोन्हींतला फरक कळत नाही. १००० हर्ट्झही नको, साधे मीटर ४०० च्या पुढे खोटं बोलू लागतात. विंडोजमधल्या ऑडिओ एन्हान्समेंट आणि लाउडनेस इक्वलायझेशन आधी बंद करा. आणि ही फाइल लावताना हेडफोन कानावर नको, टेबलावर. पूर्ण पातळीची साइन वेव्ह गाण्यासारखी चढत-उतरत नाही.

मीटरचा एक घोळ. सगळीकडे मिळणारा पिवळा डीटी-८३०डी इथे निरुपयोगी आहे. त्याचा सगळ्यात खालचा एसी रेंज २०० व्होल्टचा आहे, दशांशाच्या पुढे एकच अंक. १.०८ चा तो १.१ दाखवणार किंवा १.०. ज्याला २ व्होल्टचा एसी रेंज आहे, किंवा जो आपोआप रेंज बदलतो आणि मिलिव्होल्टपर्यंत वाचतो, असा हवा. जोडणीसाठी साडेतीन मिलिमीटरची पिन आणि तिला स्क्रू टर्मिनल, किंवा बिघडलेल्या इअरफोनची कापलेली तार. तार वापरणार असाल तर आतल्या लाल, हिरव्या आणि तांब्याच्या रंगाच्या बारीक केसांवर लॅकर असतं. ते काडीनं जाळून, ब्लेडनं हलकेच खरवडून, कथील लावल्याशिवाय मीटर शून्यच दाखवतो आणि माणूस लॅपटॉपला दोष देतो. तांब्याच्या रंगाची बहुधा ग्राउंड असते, पण मीटरच्या बझरनं पिनेशी पडताळून घ्या, रंगांचा भरवसा नाही.

लॅपटॉप, व्हॉल्यूम १००: १.०८ व्होल्ट. मग ३३ ओमचा पाव वॅटचा रेझिस्टर (पट्टे नारिंगी, नारिंगी, काळा, सोनेरी, सीताबर्डीत चिल्लर पैशांत मिळतो) त्याच दोन टोकांवर आडवा लावला: ०.८१. आउटपुट इम्पिडन्स (जॅकचा स्वतःचा अडथळा) म्हणजे ३३ गुणिले, (१.०८ भागिले ०.८१) उणे १. उत्तर ११ ओम. हे मोजताना आकडा अस्थिर वाटला तर व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून पुन्हा मोजा. पूर्ण व्हॉल्यूमवर ३३ ओमचा भार न पेलल्यामुळे सिग्नल क्लिप होत (म्हणजे त्याची शिखरं कापली जात) असतील, तर निघालेल्या उत्तराला अर्थ नसतो. आम्ही दोन्ही वेळा मोजलं, ११ च आलं.

११ ओम वाईट की बरे? हेडफोनवर अवलंबून. जुना ठोकताळा असा की आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. २५० चा आठवा भाग ३१, म्हणजे बायरला काही फरक नाही, १.०८ पैकी १.०३ व्होल्ट त्याच्यापर्यंत पोचतात. पण त्याच जॅकला मल्टी-ड्रायव्हर (एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेला) इअरफोन लावला, ज्याचा इम्पिडन्स एका पट्टीत ८ ओम आणि दुसरीकडे ३० होतो, तर पहिल्या जागी आवाज साडेसात डीबीनं पडतो आणि दुसऱ्या जागी पावणेतीननं. जवळजवळ पाच डीबीचा फरक, म्हणजे कोणीतरी न सांगता इक्वलायझर फिरवल्यासारखंच. प्लेनर (एचई४००एसईसारख्या सपाट पडद्याच्या) हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखा राहतो, त्यामुळे तिथे आवाज नुसता कमी होतो, रंग बदलत नाही.

तर बायरला १.०३ व्होल्ट, म्हणजे शिखर १०२ डीबी. ऑनलाइन सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (सरासरी पातळी पूर्ण पातळीच्या किती खाली, याचं माप) आणून ठेवतात, त्यामुळे सरासरी आवाज ८८ च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डीबी अशी आहे, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. ८८ ला आठवड्याचे सहा-साडेसहा तास. म्हणजे ज्या लॅपटॉपला आम्ही दुबळा म्हणत होतो, तो कान बिघडवायला पुरेसा होता.

पण ख्यालाची जुनी रेकॉर्डिंग उणे १४ ला नसतात. आमच्याकडची एक उणे २४ च्या आसपास निघाली. तिथे सरासरी ७८, आणि आलापाची सुरुवात त्याच्याही दहा डीबी खाली. वर इक्वलायझर एपीओ (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करायचं विंडोजचं सॉफ्टवेअर) लावलेला: डीटी ७७० ला २०० हर्ट्झच्या आसपास खोलगट भाग आहे, तो भरायला ५ डीबी चढवले होते, म्हणून क्लिपिंग टाळायला त्यातला प्रीॲम्प, म्हणजे एकूण पातळी, उणे ५. आलाप ६३ वर आला. कूलर चालू असताना तोही ६३. इथे मात्र तक्रार खरी होती आणि तिचा आकडाही समोर होता: पाच-सहा डीबी. दुप्पट व्होल्टेज. त्यासाठी टेबलावरचा मोठा ॲम्प लागत नाही, २ व्होल्टचा डोंगल पुरतो.

डॅकचा (डिजिटल फाइलचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या चिपचा) प्रश्न वेगळा आहे आणि तो यात मिसळू द्यायचा नाही. आवाज कमी पडतो का, हा ॲम्पचा प्रश्न. आवाजात नको ते काही मिसळलंय का, हा डॅकचा किंवा वायरिंगचा. दुसऱ्या प्रश्नासाठी गाणं थांबवून, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून, नुसतं ऐकायचं. माउस फिरवा, पान खाली-वर सरकवा, काहीतरी कॉपी करायला लावा. बायरवर आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. १६ ओमच्या, मिलिवॅटला ११० डीबीच्या इअरफोनवर मात्र बारीक हिस्स आणि माउसबरोबर करकर. कारण आकड्यांत आहे. त्या इअरफोनचे १ व्होल्टला १२८ डीबी होतात. आउटपुटवर २० मायक्रोव्होल्टचा कचरा असेल तर इअरफोनवर तो ३४ डीबी, शांत खोलीत स्पष्ट. बायरवर तोच ८ डीबी, कानाच्या आवाक्याबाहेर. म्हणजे स्वच्छ डॅकची गरज मोठ्या ओमच्या हेडफोनपेक्षा छोट्या इअरफोनला जास्त, हे खोक्यावरचे ‘स्टुडिओ ग्रेड’ वगैरे शब्द वाचून कधी कळत नाही. ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झ यांनीही या करकरीत तिळभर फरक पडत नाही.

करकर ऐकू आली म्हणून लगेच डॅक घ्यायचा नाही. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. आमची करकर चार्जर काढताच निम्म्याहून जास्त गेली. नागपुरात उन्हाळ्यात हे जरा जास्तच होतं, कारण काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची ओल उडते. खड्ड्याला बादलीभर पाणी घालणं हा जुनाच उपाय आहे आणि अजूनही तोच चालतो. पंख्याचा जुना गोल डिमर मधल्या वेगावर असेल तर त्याची भुणभुणही तारेत उतरते. पूर्ण वेगावर किंवा बंद करून पाहा. मेनवर चालणारा ॲम्प वापरणार असाल तर तो आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा, म्हणजे ग्राउंड लूपची (दोन अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटच्या घरघरीची) शक्यता कमी होते. आणि घरघर घालवायला तिसरी पिन तोडायचा जो सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. तो सल्ला देणाऱ्याच्या घरी पत्र्याचा कूलर नसावा.

डोंगल घ्यायला मोबाइलच्या दुकानांत गेलं की एक फसगत ठरलेली. टाइप-सी ते साडेतीन मिलिमीटर असे दोन प्रकार एकाच काचेखाली एकासारखे एक पडलेले असतात. एकात डॅकची चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा, आणि तो ज्या फोनच्या पोर्टमधून ॲनालॉग आवाज बाहेर येतो तिथेच चालतो. "यात डॅक आहे का?" विचारलं तर काउंटरवरून येतं, "सब में चलता है भाऊ." विचारण्यापेक्षा लॅपटॉप बरोबर न्या. टाइप-सीत लावल्यावर साउंड डिव्हाइसच्या यादीत नवं नाव आलं तर आत चिप आहे, नाही आलं तर नुसती तार. आणखी एक: काही डोंगल जॅकमध्ये काही नसेल तर यादीत येतच नाहीत, म्हणून आधी हेडफोन त्यात खोचा.

आम्ही घेतलेला डोंगल सिरस लॉजिकच्या सीएस४३१३१ चिपचा, २ व्होल्टच्या गटातला. मोजला: मोकळा १.९६ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टवर आणून ३३ ओम लावला तर ०.५०० चे ०.४८५, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स १ ओम. लॅपटॉपपेक्षा बायरला साडेपाच डीबी जास्त, जेवढे हवे होते तेवढेच. ही चिप ३२ ओमला ३० मिलिवॅटच्या आसपास थांबते, म्हणून एचई४००एसईला ती शिखरावर १०६ पर्यंत नेईल, ११० ला नाही. घरात पॉप ऐकणाऱ्याला तेही चालतं. एचई-६ सारख्या ८३.५ डीबीच्या हेडफोनला ११० साठी ५० ओमवर साडेचारशे मिलिवॅट लागतात. तिथे डोंगलचं नावही काढू नये.

टेबलावरचा ॲम्प घेतला असता तर उलटा त्रास झाला असता. मोठ्या गेनच्या (सिग्नल जास्त पटींनी चढवणाऱ्या) ॲम्पला संवेदनशील इअरफोन लावला की व्हॉल्यूमचा गोल खटका घड्याळातल्या सातच्या जागेवरून आठवर गेल्या-गेल्या ऐकण्याची पातळी येते, आणि खटक्यामागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरचे (डाव्या-उजव्या कानाचे) दोन्ही ट्रॅक त्या तळाच्या भागात सारखे नसतात. डावा कान मोठा, उजवा लहान. असा ॲम्प असेल तर गेन लोवर ठेवा आणि कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम २०-३० टक्क्यांनी उतरवा, म्हणजे खटका अर्ध्यावर आणता येतो. २०११ साली एका निनावी इंजिनिअरनं फुकट खुला केलेल्या ओ-टू ॲम्पला दोन गेन ठेवले होते, २.५ पट आणि ६.५ पट, ते याचसाठी.

राहिला शेवटचा प्रश्न: पाच डीबी सोडले तर डोंगलचा आवाज लॅपटॉपपेक्षा ‘चांगला’ आहे का. पातळी न जुळवता याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कारण जो मोठा तो चांगला वाटतो. वाय-केबल लावून, हेडफोन जोडलेला ठेवूनच मोजलं आणि दोन्ही ०.५०० व्होल्टवर आणले. एका टक्क्याच्या आत यायला हवेत, ०.१ डीबी म्हणजे १.२ टक्के. विंडोजच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्या तेवढ्या बारीक नसल्यामुळे शेवटचं जुळवणं इक्वलायझर एपीओच्या प्रीॲम्पमध्ये केलं, तिथे ०.१ नं खालीवर करता येतं. एकानं पाठमोरं बसून ऐकायचं, दुसऱ्यानं नाणं उडवून पिन बदलायची, १६ फेऱ्या. नुसत्या नशिबानं १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी, म्हणून १२ ही रेघ ठरवली. बायरवर ९ बरोबर आले. १६ ओमच्या इअरफोनवर १५, आणि तिथे डोंगल सरळ वेगळाच वाजत होता, ११ ओमचा गोंधळ गेल्यामुळे.

तेव्हापासून डोंगल इअरफोनसाठी लॅपटॉपला कायम असतो आणि बायरला फक्त ख्यालाच्या वेळी. एकच काळजी घ्यावी लागते: बायरची केबल तीन मीटरची आणि जड आहे, ती टाइप-सीच्या पिनेवर लोंबकळली की दोन महिन्यांत पोर्ट सैल होतं. केबलला एक वेढा टेबलाच्या पायाभोवती दिलाय.